उमऱ्याचं तिकीट काढताय? ‘माइल्स’चं खातं कुठं उघडायचं, ते आधी ठरवा

मागच्या वर्षी आमच्या घरातली पाच माणसं उमऱ्याला जाऊन आली. अम्मी पहिल्यांदाच विमानात बसल्या. परत आल्यावर खजूर वाटून झाले, जमजम शेजारीपाजारी पोहोचलं, जानमाज ज्यांना द्यायच्या त्यांना दिल्या, आणि मग एका रात्री जेवताना अकरावीतल्या आमच्या मुलानं विचारलं, "अब्बा, आपल्याला माइल्स किती मिळाले?"

निघण्याच्या आठवडाभर आधी त्यानंच पाचही जणांची खाती विमान कंपनीच्या वेबसाइटवर उघडून दिली होती. आम्ही मोबाइल काढला आणि बघितलं. पाचही खात्यांवर शून्य. मुंबई ते जेद्दा हे अंतर एका बाजूचं साधारण साडेतीन हजार किलोमीटर. जाऊन-येऊन सात हजार, पाच माणसांचे पस्तीस हजार किलोमीटर. आणि जमा काय, तर काहीच नाही. एजंटला फोन केला तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, "सर, ग्रुपच्या तिकिटावर माइल्स नसतात." त्यानं आधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. चूक दोघांची म्हणा.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. शिक्षकाची खोड, दुसरं काय. आपल्या समाजात विमानाचा प्रवास आता कमी राहिलेला नाही. रत्नागिरी, खेड, महाड, म्हसळा, श्रीवर्धन इकडच्या घराघरातला एक तरी माणूस कुवेत, कतर, सौदी किंवा दुबईत आहे. मालेगाव, भिवंडी, औरंगाबादहून उमऱ्याच्या जमाती निघतात. पैसे आपण पूर्ण भरतो, पण विमान कंपनी परत जे देते ते घेणारे फार थोडे. आमचे एक मामेभाऊ नऊ वर्षं दोह्यात आहेत, दरवर्षी सुट्टीवर येतात. त्यांनी आजपर्यंत एकदाही खातं उघडलेलं नाही. "वो सब बडे लोगों का काम है," असं त्यांचं म्हणणं.

ते तसं नाही. खातं फुकट असतं, दहा मिनिटांत उघडतं. अवघड भाग एवढाच, की कुठल्या कंपनीत उघडायचं.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हांटेज’ नावाची योजना सुरू केली आणि मग जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तीच वाट धरली. आमच्या विमानानं पुन्हा पुन्हा या, प्रत्येक वेळी तुमच्या खात्यावर पॉइंट जमा करू, पुरेसे जमले की त्यावर तिकीट देऊ. पॉइंटला कुणी माइल्स म्हणतं, कुणी एव्हिऑस, कुणी ब्लूचिप. पूर्वी जितकं अंतर उडाल तितके माइल्स, असा सरळ हिशेब बऱ्याच ठिकाणी होता. आता पुष्कळ कंपन्या तुम्ही किती पैसे भरले यावर पॉइंट देतात. म्हणजे स्वस्त तिकीट काढणाऱ्याला कमी, महाग काढणाऱ्याला जास्त. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळे माइल्स मिळतात ते यामुळेच. एमिरेट्सच्या तिकिटावर स्पेशल, सेव्हर, फ्लेक्स, फ्लेक्स प्लस असे प्रकार लिहिलेले दिसतात, ते एकदा नीट बघा. सीट तीच, जेवणही तेच, पण भाड्याच्या प्रकारावर माइल्स ठरतात.

आता आपल्या रस्त्यावर कोण कोण आहे ते पाहू. सौदियाची योजना ‘अलफुर्सान’. एमिरेट्सची ‘स्कायवर्ड्स’, आणि फ्लायदुबईलाही हीच चालते. एतिहादची ‘एतिहाद गेस्ट’. कतर एअरवेजची ‘प्रिव्हिलेज क्लब’, तिचे पॉइंट म्हणजे एव्हिऑस. ओमान एअरची ‘सिंदबाद’, गल्फ एअरची ‘फाल्कनफ्लायर’, कुवेत एअरवेजची ‘ओएसिस क्लब’. आपल्याकडची एअर इंडिया. तिची योजना कित्येक वर्षं ‘फ्लाइंग रिटर्न्स’ नावानं होती, ती आता ‘महाराजा क्लब’ झाली. इंडिगोला बरीच वर्षं अशी योजना नव्हती, २०२४ मध्ये त्यांनी ‘ब्लूचिप’ सुरू केली. एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. नाव सारखं म्हणून एकीचा नंबर दुसरीकडे चालेल असं धरून चालू नका.

ही यादी बघून माणूस घाबरतो आणि मग दोनपैकी एक चूक करतो. एक तर कुठंच खातं उघडत नाही, नाहीतर सगळीकडे उघडतो. आठ ठिकाणी थोडे थोडे पॉइंट पडून राहतात, कुठंच तिकीट मिळण्याइतके होत नाहीत आणि मुदत संपून जातात. मुदत हा मोठा मुद्दा आहे. स्कायवर्ड्सचे माइल्स साधारण तीन वर्षं टिकतात आणि तुमच्या जन्माच्या महिन्याच्या शेवटी बाद होतात. कतरच्या एव्हिऑसचा नियम वेगळा: छत्तीस महिन्यांत खात्यावर काहीच हालचाल झाली नाही तर ते जातात, मधे थोडे जरी जमा झाले किंवा वापरले तर मुदत पुढे सरकते. दोन-तीन वर्षांतून एकदा उडणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. आम्हाला विचाराल तर, पहिल्यांदा योजना निवडणाऱ्यानं जाहिरातीतल्या बोनसच्या आधी मुदतीचा नियम वाचावा.

तुम्ही उडता कुठून कुठं?

योजना चांगली की वाईट हे योजनेवर कमी आणि तुमच्या प्रवासावर जास्त ठरतं. म्हणून कागद घ्या आणि मागच्या तीन वर्षांत घरातलं कोण कुठं गेलं, कोणत्या कंपनीनं गेलं, ते लिहा. मग पुढच्या दोन वर्षांत कोण जाणार आहे ते लिहा. बहुतेक घरांत उत्तर त्या कागदावरच दिसतं.

घरातला माणूस आखातात असेल तर तो ज्या कंपनीनं येतो-जातो तिचीच योजना सगळ्या घराची. दोह्यात असेल तर कतर, दुबईत असेल तर एमिरेट्स किंवा फ्लायदुबई, मस्कतला असेल तर ओमान एअर. कारण उद्या अम्मी-अब्बांना भेटायला बोलावलं किंवा उमऱ्याला त्याच शहरावरून नेलं, तर सगळं एकाच ठिकाणी जमेल. इथं अजून एक गोष्ट उपयोगाची: बहुतेक योजनांत माइल्स प्रवास करणाऱ्याच्या नावावर पडतात, पैसे भरणाऱ्याच्या नाही. अब्बांनी सहा तिकिटांचे पैसे भरले म्हणून सहाचे माइल्स अब्बांना मिळत नाहीत. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. पण एमिरेट्स, कतर, एतिहाद यांच्याकडे कुटुंबाचं एकत्र खातं करता येतं, ज्यात सगळ्यांचे पॉइंट एका जागी साठवता येतात. आपल्यासारख्या मोठ्या कुटुंबांना याचा खरा फायदा आहे. दोन वर्षांच्या आतल्या, मांडीवरच्या बाळाला साधारणपणे काही मिळत नाही, त्यापेक्षा मोठ्या मुलांची खाती मात्र उघडता येतात.

घरातलं कुणी आखातात नाही, फक्त कामानिमित्त मुंबई-दिल्ली, पुणे-हैदराबाद असं फिरणं होतं, त्यांनी इंडिगो किंवा एअर इंडिया यांपैकी जी जास्त वापरली जाते ती घ्यावी. यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

मुलगा किंवा मुलगी शिकायला युरोप-अमेरिकेत जाणार असेल तर कंपन्यांचे गट समजून घ्या. जगात असे तीन मोठे गट आहेत. स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया आहे (२०१४ पासून), तुर्किश एअरलाइन्स, लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स आहेत. वनवर्ल्डमध्ये कतर आणि ब्रिटिश एअरवेज, २०२५ पासून ओमान एअरसुद्धा. स्कायटीममध्ये सौदिया, एअर फ्रान्स, केएलएम. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत, त्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांशी स्वतंत्र करार आहेत. गटाचा उपयोग असा, की महाराजा क्लबचा नंबर तुर्किशच्या तिकिटावर देऊन माइल्स एअर इंडियाच्या खात्यावर घेता येतात. मात्र एका प्रवासाचे माइल्स एकाच योजनेत जमा होतात, दोन्हीकडे नाही. आणि भाड्याचा प्रकार इथंही बघावा लागतो. परक्या कंपनीच्या सगळ्यात स्वस्त तिकिटावर बऱ्याचदा फार थोडे मिळतात, कधी काहीच नाही.

राहिला आयुष्यात एकदाच, जमातीबरोबर उमऱ्याला जाणारा माणूस. त्याला आम्ही स्पष्ट सांगतो, माइल्सवरून कंपनी निवडू नका. ज्या विमानात वयस्कर माणसांना कमी त्रास होईल ते बघा. मस्कत, बहरीन, कुवेत किंवा शारजावरून विमान बदलून जाणारं तिकीट स्वस्त पडतं, पण गुडघे दुखणाऱ्या अम्मींना मध्यरात्री दुसऱ्या गेटपर्यंत चालवत न्यायचं असतं, हे लक्षात ठेवा. आणि एजंटला पैसे देण्याआधी सरळ विचारा: तिकीट ग्रुपचं आहे की स्वतंत्र? ग्रुपच्या आणि चार्टरच्या तिकिटांना बहुतेक योजना माइल्स देत नाहीत. त्यामुळे हज कमिटीतर्फे ठरवलेल्या विमानांतून जाणाऱ्या हाजींनी ही अपेक्षा ठेवूच नये. ग्रुपचं तिकीट वाईट असतं असं नाही, ते स्वस्त पडतं म्हणून तर जमात ते घेते. फक्त काय मिळतं आणि काय नाही हे आधी ठाऊक असावं. आम्हाला नव्हतं.

पॉइंटची खरी किंमत

खात्यावर वीस हजार पॉइंट दिसले की माणूस खूश होतो. पण वीस हजार पॉइंट म्हणजे वीस हजार रुपये नव्हेत. सातवीतलं मूल करील इतकं सोपं गणित आहे. समजा एखादं तिकीट रोख घेतलं तर २४,००० रुपयांना आहे. तेच पॉइंटवर घ्यायचं तर २०,००० पॉइंट आणि वर ८,००० रुपये कर-अधिभाराचे. (हो, ‘फुकट’ तिकिटावरही कर भरावा लागतो आणि काही कंपन्या इंधनाच्या नावानं आणखी रक्कम लावतात.) म्हणजे वीस हजार पॉइंटनी तुमचे वाचवले १६,००० रुपये. एका पॉइंटची किंमत झाली ८० पैसे.

आता याच गणिताची दुसरी बाजू. एका कंपनीचं तिकीट २१,०००, दुसरीचं २४,०००. दुसरीत तुमचं खातं आहे आणि १,५०० पॉइंट मिळणार आहेत. पंधराशे गुणिले ८० पैसे, १,२०० रुपये. बाराशे मिळवायला तीन हजार जास्त भरले. आमच्या ओळखीत असं करणारे सुशिक्षित लोक आहेत, आणि ते हौसेनं सांगतात की आपण पॉइंट कमावतो. तिकीट आधी, पॉइंट नंतर.

सिल्व्हर, गोल्ड या दर्जांच्या मागेही सुरुवातीला लागू नये. स्कायवर्ड्समध्ये सिल्व्हरसाठी वर्षभरात २५,००० टिअर माइल्स लागतात, गोल्डसाठी ५०,०००. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा माणूस साध्या तिकिटावर तिथं पोहोचत नाही. जास्तीचं सामान, लाउंज हे सगळं दिसायला छान असतं, पण ते सतत उडणाऱ्यांसाठी आहे.

पॉइंटवरच्या सीट प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. रमजानचा शेवटचा अशरा, ईद, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नेमकं आपल्याला जायचं तेव्हा त्या मिळत नाहीत. शाळेत नोकरी करणाऱ्यांना हे विशेष लागतं, कारण आपल्याला दुसरी सुट्टीच नसते. कित्येक महिने आधी शोध घेतला तर मिळण्याची शक्यता असते.

साठवून ठेवण्याचा मोहही टाळावा. एका तिकिटाला किती पॉइंट हे कंपनीच ठरवते आणि ती ते वाढवू शकते. कंपनी बंदही पडते. किंगफिशरचं काय झालं ते सगळ्यांना आठवतं. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली तेव्हा आखातात जाणारे आपले किती तरी लोक तिच्याच भरवशावर होते. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले, पण नियम मात्र नव्या योजनेचे लागू झाले. पुरेसे जमले की वापरून टाकलेले बरे.

नावाचं प्रकरण

यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण हे दुखणं खास आपलं आहे. खात्यावरचं नाव, तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत एक असावं लागतं. नाहीतर माइल्स अडकतात. आता आपल्या घरात बघा. अब्बांच्या पासपोर्टवर शेखचं स्पेलिंग एस-एच-ए-आय-के-एच, मुलाच्या दाखल्यावर एस-एच-ई-आय-के-एच. मोहम्मद कुठं पूर्ण लिहिलेलं, कुठं नुसतं एमडी. लग्नानंतर मुलीचं आधार सासरच्या नावानं, पासपोर्ट माहेरच्या. आमच्या वर्गात दरवर्षी दहावीचे फॉर्म भरताना हाच गोंधळ असतो, आणि आम्ही पालकांना तेव्हाच सांगतो की आज हे हसण्यावारी नेऊ नका.

खातं उघडताना आधार बाजूला ठेवा, पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर अन् अक्षर त्यातलं टाका. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, म्हणजे सगळं नाव एकाच ओळीत असेल किंवा नावच एका शब्दाचं असेल, तर जास्त सावध राहा. अशा वेळी तिकिटावर तेच नाव दोनदा छापतात किंवा एफएनयू अशी अक्षरं घालतात, आणि खात्याशी ते जुळत नाही. बाब फक्त माइल्सपुरती नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईनं पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असणाऱ्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम जाहीर केला, तेव्हा बऱ्याच लोकांची धावपळ झाली होती. मुलांचे पासपोर्ट नव्यानं काढणार असाल तर नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरून घ्या.

खात्याला ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. एजंटचा नको, दुकानातल्या पोराचा नको. ओटीपी ज्याच्या मोबाइलवर जातो, खातं त्याच्या ताब्यात. ‘तुमचे माइल्स आज बाद होणार, इथं क्लिक करा’ असे मेसेज येतात, त्यातल्या लिंकवर जाऊ नका, कंपनीचं ॲप उघडून बघा. आणि कुणी ‘माइल्सवरचं तिकीट आहे, निम्म्या किमतीत देतो’ म्हणून आला तर हात जोडा. माइल्स विकणं जवळपास सगळ्याच योजनांच्या नियमांत बसत नाही. कंपनीला कळलं तर ते तिकीट रद्द होतं, तेही कदाचित एहराम बांधून विमानतळावर उभे असताना.

क्रेडिट कार्डाबद्दल लोक हमखास विचारतात. विमान कंपन्यांच्या नावाची कार्डं बँका देतात, खरेदीवर पॉइंट मिळतात आणि जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरांत असतं. लहान अक्षरांत असतं ते व्याज, महिन्याला साधारण तीन ते चार टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. एका महिन्याचं बिल अर्धवट राहिलं की वर्षभराचे पॉइंट त्यात जातात. सुदाचा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. वेळेत पूर्ण बिल भरून कार्ड वापरावं की वापरूच नये, याचं उत्तर आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांकडून घ्यावं. आम्ही घरात कार्ड ठेवलेलं नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. इबादतीच्या सफरीतून माइल्स घ्यावेत का, असंही एका बुजुर्गांनी आम्हाला विचारलं. आम्ही त्यांना एवढंच म्हणालो, चाचा, तिकिटाचे पैसे तर तुम्ही पूर्णच भरलेत.

प्रवास झाल्यावर बोर्डिंग पास लगेच फेकू नका. जमा व्हायला काही दिवस लागतात. नाही झाले तर कंपनीच्या वेबसाइटवर ‘राहिलेले माइल्स’ मागण्याचा अर्ज असतो, त्यात तिकीट क्रमांक लागतो. या अर्जाला काही महिन्यांचीच मुदत असते.

आम्हीही अर्ज केला होता. पाचही बोर्डिंग पास अम्मींच्या बॅगेत, दुआच्या किताबात ठेवलेले सापडले. उत्तर चार दिवसांनी आलं: ग्रुप भाडं, पात्र नाही. मामेभावाला मात्र त्या दिवशी फोनवर बसवून, पासपोर्ट हातात घ्यायला लावून, अक्षर अक्षर सांगत दोह्यातूनच खातं उघडायला लावलं. बकरी ईदला येताना त्यांनी तिकिटावर नंबर टाकला. घरी पोहोचल्यावर सलाम-दुआ झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी मोबाइल दाखवला.